कापूस जळाल्याचा वास

जिनिंगमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वास झोपेतही ओळखता येतो. रुई पेटल्याचा. ज्वाळा दिसायच्या कितीतरी आधी तो येतो. जुना कागद करपल्यासारखा, कोरडा, घशाच्या मागे जाऊन बसणारा. कापसाच्या गंजीत एक ठिणगी शिरली तर ती आतल्या आत दिवसभर धुमसते आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून हिंगणघाटला आमच्या जिनिंगमध्ये हंगामात सगळ्यांची नाकं जागी असतात.

२०२४ च्या जानेवारीत, एका रात्री साडेअकराच्या सुमारास, तो वास मला घरात आला. मी खाटेवरून उठलो. देवघरातली समई विझलेली होती. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. अंगणातल्या शेकोटीची राख थंड पडली होती. बायको उठून म्हणाली, "काय शोधून राह्यले एवढ्या रात्री?" मी म्हटलं, कापूस जळतोय कुठेतरी. तिने हवा हुंगली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. "तुमच्या तोंडाचा वास आहे हा," ती म्हणाली.

माझ्या मुठीत व्हेप होतं, बॅटरीवर चालणारी सिगारेट. झोप येईना म्हणून अंधारात ओढत बसलो होतो.

ते माझ्या हाती कसं आलं, ते आधी सांगतो. मला दमा लहानपणापासून. थंडी सुरू झाली, वावरांमध्ये पऱ्हाटी पेटल्या, शेकोट्या लागल्या, की माझी छाती शिट्ट्या मारायला लागायची. माय पाठीला तेल चोळत रात्र काढायची. अशा मुलाने पुढे कापसाच्या धुळीत नोकरी धरली आणि एकोणिसाव्या वर्षी सिगारेटही धरली, याचं आज मला वाईट वाटतं. पण तेव्हा तसं कुणालाच वाटत नव्हतं. घरात बाबांची बिडी होती, शेजारी सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, आणि सिगारेट ओढणारा माणूस जरा सुधारलेला समजला जायचा. गेली दहा-बारा वर्षं माझ्या दिवसाला बारा सिगारेटी होत होत्या. हंगामात पंधरा.

दम्यावर माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. खिशात निळा पंप, जीव घाबरा झाला की ओढायचा. आणि थिओफिलीनची गोळी, सकाळ-संध्याकाळ. गोळी सहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिली होती. त्यानंतर मी कधी डॉक्टरला ती विचारली नाही. औषधाच्या दुकानात रिकाम्या पाकिटाचा तुकडा दाखवला की नवीन पाकीट मिळायचं. मध्यंतरी एका डॉक्टरने रोज घ्यायचा दुसरा पंपही लिहून दिला होता. तो मी आठ दिवस घेतला आणि ठेवून दिला. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, त्यात स्टिरॉइड असतं, असं आमच्याकडे लहानथोर सगळेच सांगतात. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आहे, पलीकडे सावंगीचं आहे. दोन-दोन मोठे दवाखाने असलेल्या जिल्ह्यात राहून मी माझ्या छातीचा निर्णय पानठेल्यावरच्या गप्पांवर घेतला.

दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला. इंजिनिअरिंगला आहे. रात्री गच्चीवर मी खोकत होतो, तेव्हा त्याने खिशातून एक चपटी, निळसर, अंगठ्याएवढी रुंद कांडी काढली. "काका, सिगारेट सोडा. हे घ्या. यात धूर नाही, वाफ आहे. तुमच्या दम्याले बरं." त्याला माझी काळजी होती. म्हणून आजही मला त्याचा राग येत नाही.

मी ते उलटंसुलटं करून पाहिलं. पेटवायचं कसं, हेच कळेना. बटण नव्हतं. तो म्हणाला, नुसतं ओढा. मी सिगारेटसारखा जोरात झुरका घेतला. टोकाला दिवा लागला आणि तोंडात आंब्याची गोड वाफ भरली. मग जो खोकला आला तो पाच मिनिटं थांबला नाही. पुतण्या म्हणाला, हळू ओढायचं, सावकाश, सिगारेटवानी नाही. म्हणजे सत्तावीस वर्षांचा सराव इथे कामाचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून माझे प्रश्न सुरू झाले. कांडीवर लिहिलं होतं ५ टक्के. कशाचे ५ टक्के? पुतण्या म्हणाला निकोटीन. मग ते किती सिगारेटींएवढं? ते त्याला सांगता येईना. आत काय आहे? ग्लिसरीन, तो म्हणाला. ग्लिसरीन मला माहीत होतं, माय हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावायची. दुसरं काहीतरी प्रोपिलीन ग्लायकॉल. ते छातीत गेल्यावर काय करतं? "लोकं घेतातच ना काका." कुठल्या कंपनीचं? डबीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजी, खाली बारीक चिनी. ना किमतीचा छापील आकडा, ना बनवणाऱ्याचा पत्ता. मी रोज शेतकऱ्याचा कापूस मुठीत घेऊन ओलावा, कवडी, धाग्याची लांबी पाहून भाव सांगणारा माणूस. आणि माझ्याच छातीत काय जातंय याची प्रत मला सांगता येत नव्हती.

माझी शंका पाहून पुतण्याने मोबाइलवर एक अभ्यास दाखवला. इटलीतल्या कातानियाचा, २०१४ चा. सिगारेट ओढणारे दम्याचे रुग्ण व्हेपवर गेले आणि त्यांची फुप्फुसं सुधारली, असं त्यात होतं. मला धीर आला. किती रुग्ण होते, हे मी तेव्हा वाचलं नाही. नंतर वाचलं. अठरा. आमच्याकडे एका मुठीवरून ट्रकचा भाव करत नाहीत. वरची मूठ वेगळी निघते, खालची वेगळी, म्हणून चार ठिकाणी हात घालून पाहायचा असतो.

तरी पहिले दहा दिवस खरंच बरे गेले. सिगारेट एकदम सुटली. सकाळचा काळपट बेडका कमी झाला. शर्टाचा वास गेला. बायको खूश होती, तिने पुतण्याला फोन करून त्याचं कौतुकही केलं.

एक गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यातच खटकली. सिगारेटला शेवट असतो. बोटांना चटका बसतो, थोटूक टाकावं लागतं, पुढची पेटवायला उठावं लागतं. मध्ये तास-दीड तास जातो. या कांडीला शेवटच नव्हता. फाइल वाचताना ती तोंडात, फोनवर बोलताना तोंडात, संडासात, अंथरुणात. बारा सिगारेटी मी मोजायचो. हे किती वेळा ओढलं, ते रात्री आठवायचं नाही.

आणि मग मी ते जिनिंगमध्ये ओढलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं. आमच्या गेटवर चौकीदाराजवळ पत्र्याचा एक ट्रे असतो. मजूर, ड्रायव्हर, शेतकरी, मालकाचा पाहुणा, कुणीही आत जाताना काडेपेटी आणि लायटर त्यात टाकायचा. बावीस वर्षांत मी तो नियम मोडला नव्हता. सिगारेट हवी तर गेटबाहेर, रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर. पण व्हेपला काडी लागत नाही, म्हणून ते ट्रेमध्ये पडलं नाही. डिसेंबरच्या एका दुपारी रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या शेडमागे, जिथे पांढरा भुगा भिंतीला जाळ्यांसारखा लोंबत असतो, मी एक झुरका घेतला. आत तापणारी तार आहे, लिथियमची बॅटरी आहे, ती फुटली तर पेट घेते, हे मला नंतर कळलं. त्या शेडमध्ये तेव्हा चाळीस माणसं काम करत होती. त्यांची नावं, त्यांच्या घरची माणसं मला माहीत आहेत.

डिसेंबर संपता संपता तब्येत बिघडली, पण ज्या बाजूने अपेक्षा होती त्या बाजूने नाही. दम तसाच होता, घसा कोरडा होता. नवीन होतं ते हृदयाचं. बसल्या जागी छाती धडधडायची. हात इतके थरथरायचे की कापसाचा पेळू धरून धागा ओढताना लांबी नीट दिसेना. जेवणाकडे पाहिलं की मळमळ. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. मला वाटलं सिगारेट सुटल्याचा त्रास असेल, म्हणून मी व्हेप वाढवलं. त्याने धडधड वाढली. दम लागतोय असं वाटून निळा पंप ओढला. त्यानेही धडधड होते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. गोळी तर चालूच होती. एकाच माणसाच्या अंगावर मी तीन बाजूंनी चाबूक मारत होतो.

त्या अवस्थेत ती जानेवारीची रात्र आली. तोंडात करपट चव, घशात आग, आणि बायको समोर उभी.

मी विळीवर त्या कांडीचं टोक कापलं. आतून तेलकट, गोडसर चिकटा आला. मग एक बारीक तारेचं वेटोळं, आणि त्याच्या पोटात कापूस. मी बराच वेळ बघत राहिलो. चिमटीत धरून ओढला, सवयीने. लांब, स्वच्छ धागा, बिनकवडीचा, चांगल्या प्रतीचा. बाहेरून पिवळा आणि मधोमध, जिथे तार टेकत होती तिथे, काळा. समईत तेल संपलं की वात जळते, तशी ही वात जळाली होती. ज्या वस्तूला मी दोन-अडीच महिने यंत्र म्हणत होतो तिच्यात अख्खा खेळ एका वातीचा होता. आणि वात कशाची, तर ज्याच्या धुळीने माझी अर्धी छाती गेली त्या कापसाची.

सकाळी बायकोने सुट्टी टाकायला लावली. वर्ध्याला छातीच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. नाडी ११८. ईसीजी काढला. मॅडमनी विचारलं, "सिगारेट?" मी म्हटलं, "सोडली." "केव्हा?" "दिवाळीला." त्यांनी मान वर केली. "आणि औषधं कोणती चालू आहेत? पाकीट दाखवा."

गोळीचं पाकीट पाहून त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे समजावलं, ते मला त्याआधी कुणीही सांगितलं नव्हतं, आणि हे लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

तंबाखू जळताना जो डांबरासारखा पदार्थ तयार होतो, तो यकृताला जोरात कामाला लावतो. त्यामुळे सिगारेट-बिडी ओढणाऱ्याच्या शरीरातून थिओफिलीन भराभर निघून जातं. तेवढ्याच परिणामासाठी त्याला जास्त डोस लागतो. माझा डोस असा सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा होता. सिगारेट थांबली की आठवड्याभरात यकृताचा तो जोर उतरतो. गोळी तेवढीच, पण ती आता अंगात साचत जाते. मग धडधड, थरथर, मळमळ, झोप उडणं. फार वाढलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. म्हणून सिगारेट सोडताना ही गोळी चालू असेल तर डॉक्टर तिचा डोस पाव ते एक तृतीयांश कमी करतात, किंवा बंदच करतात.

"हे निकोटीनमुळे होत नाही," मॅडम म्हणाल्या, "जळण्याच्या धुरामुळे होतं. म्हणून कुणी निकोटीनचं च्युइंगम घेतलं काय, आणखी काही घेतलं काय, धूर थांबला की हा हिशेब बदलतो. तुम्ही काही घेताय का?"

मी गप्प बसलो. सेवाग्रामच्या सहलीला नेलं तेव्हा शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं की काकांनी फेकलेली थोटकं वेचून ओढणारा मोहन नावाचा मुलगा पुढे स्वतःच ते लिहून मोकळा झाला. दवाखान्याच्या खुर्चीत मला ते का आठवलं, सांगता येत नाही. मी खिशातून कापलेली कांडी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या कागदाला तेलकट डाग पडला.

त्या रागावल्या नाहीत. हातमोजा घालून त्यांनी ती उचलली, जळकी वात पाहिली. म्हणाल्या, वात कोरडी पडली आणि तार जास्त तापली की ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन तयार होतं. कढईत तेल फार तापलं की डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यातही तेच असतं. निरोगी माणसाला ठसका लागतो, दम्याच्या माणसाची श्वासनळी आवळते. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटन आणि युरोपात २० च्या वर विकायला परवानगी नाही.

मी विचारलं, मग इंग्लंडमध्ये डॉक्टरच व्हेप घ्या म्हणतात, ते खोटं का? पुतण्याने तेही दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, खोटं नाही. २०१५ साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने सिगारेटपेक्षा व्हेप सुमारे ९५ टक्के कमी घातक असावं असा अंदाज मांडला. २०१९ मध्ये ८८६ लोकांवरचा एक नीट अभ्यास आला. वर्षभराने व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, निकोटीनचे गम-पट्ट्या घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. मग त्यांनी एक वाक्य जोडलं, ते मी घरी येऊन वहीत लिहिलं: त्या प्रत्येकाला किमान चार आठवडे दर आठवड्याला भेटणारा एक प्रशिक्षित माणूस होता.

माझ्याकडे यंत्र आलं होतं. तो माणूस आला नव्हता.

तो येणारही नव्हता, कारण भारतात ही वस्तू बंद आहे. हे मला दवाखान्यात कळलं, आणि माझे कान तापले. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, त्याच डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करून ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. माझ्या पुतण्यालाही हे धड माहीत नव्हतं. त्याला ते कॉलेजजवळच्या टपरीवर मिळालं होतं.

या बंदीबद्दल माझं मत मी बरेच दिवस ठरवू शकलो नाही. कोवळ्या पोरांना आंब्याच्या चवीत निकोटीन मिळू नये, हे मला मनापासून पटतं. पण आम्ही गांधी जिल्ह्याची माणसं. इथे कित्येक वर्षं दारूबंदी आहे, २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. बंद असलेली वस्तू मिळते, हे आम्ही पाहिलं आहे. ती मिळते तेव्हा तिच्यात काय आहे हे कुणाला विचारता येत नाही, तेही पाहिलं आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप घेणाऱ्यांची फुप्फुसं एकाएकी निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात गेले आणि ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी चोरट्या बाजारातली गांजाची द्रावणं ओढली होती, आणि त्यांत ई-जीवनसत्त्वाचं एक तेलकट संयुग मिसळलेलं होतं. माझ्या कांडीत काय मिसळलं होतं, ते तपासणारा इथे कुणी नाही. आणि त्याच वेळी सिगारेट, जिच्या धुराने दम्याचा पंपसुद्धा नीट लागू पडत नाही, ती शाळेपासून शंभर यार्ड सोडून प्रत्येक पानठेल्यावर सुटी मिळते. बंदी घालणाऱ्यांनी सिगारेट सोडवणारा माणूसही गावोगाव बसवायला हवा होता, एवढं मला ठामपणे म्हणायचं आहे. तो अगदीच नाही असं नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. मी तो हजारदा पाहिला होता. लावला फेब्रुवारीत.

मॅडमनी थिओफिलीन बंद केलं. धडधड चौथ्या दिवशी कमी झाली, आठवड्याने झोप आली. पण खरी लढाई पंपाची होती.

त्यांनी एक नळी दिली आणि म्हणाल्या, पूर्ण श्वास भरून एकदम फुंका. काटा २४० वर गेला. तीनदा फुंकलं, तीनदा तेवढाच. तुमच्या वयाला, उंचीला तो साडेचारशेच्या वर हवा, त्या म्हणाल्या. मग त्यांनी रोजचा पंप पुढे केला आणि मी तेच म्हटलं जे वीस वर्षं म्हणत आलो: "मॅडम, याची सवय लागते ना?"

त्यांनी टेबलावरच्या कांडीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मला माझंच उत्तर मिळालं आणि डोळ्यांत पाणी आलं. जे तोंडात घातल्याशिवाय झोप येत नव्हती, त्याची मला भीती वाटली नव्हती. जे श्वासनळीची सूज उतरवणार होतं, त्याची मला भीती होती.

मग त्यांनी हिशेब करून दाखवला. दम्याचा जोर झाला की स्टिरॉइडची गोळी देतात, ती मिलिग्रॅममध्ये असते, बऱ्याचदा दिवसाला तीस-चाळीस. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, एका दाबात दोनशे. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. आणि ते थेट जागेवर जातं. निळा पंप श्वासनळीभोवतीचे स्नायू तेवढ्यापुरते सैल करतो, सूज तशीच राहते. मी इतकी वर्षं नुसता निळाच ओढत होतो. गळक्या छपराखाली बादली ठेवावी आणि छप्पर शाकारू नये, तसं ते होतं.

पंप ओढायचाही मला येत नव्हता. मी दाबायचो आधी आणि श्वास घ्यायचो नंतर. औषध जिभेवर. त्यांनी स्पेसर दिला, प्लास्टिकचा लांबट भोपळा. त्यात औषध सोडायचं, हळू श्वास आत घ्यायचा, दहा आकडे रोखायचा. मग चूळ भरून, गुळणी करून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं. पहिले आठ दिवस बायको समोर बसून आकडे मोजायची. त्यांनी हेही विचारलं की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का. आवळते. कापसाच्या धुळीचा आजार वेगळा असतो, तो दम्यासारखाच दिसतो, म्हणून पुढच्या तपासण्या लावल्या. तोवर चांगल्या प्रतीचा मास्क लावल्याशिवाय रेच्यांजवळ जायचं नाही, असं बजावलं.

निकोटीनची तलफ भागवायला २ मिलिग्रॅमचं गम दिलं. तिथेही मी चुकलो. गोळीसारखं कचाकचा चावलं आणि उचकी लागली, पोटात जळजळ झाली. ते चहाबरोबरही चालत नाही, चहानंतर पंधरा मिनिटं थांबावं लागतं. चार-दोन वेळा चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. हे ऐकून आमच्या जिनिंगमधला हमाल म्हणाला, "भाऊ, खऱ्ऱ्यावानी धरा ना त्याले." ते मला एका दिवसात जमलं. जो इथे वाढला त्याला खर्रा गालात कसा दाबतात ते शिकवावं लागत नाही. त्या हमालाला मात्र मी गम घेऊन दाखवलं ते त्याचा खर्रा सुटावा म्हणून. अजून सुटला नाही.

माझंही सगळं सरळ झालेलं नाही. फेब्रुवारीत मामांच्या तेरवीला मी दोन सिगारेटी ओढल्या, दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून सांगितलं. काटा मार्चअखेर ३६० वर आला. रात्री शिट्ट्या नाहीत. होळीला पुतण्या आला तेव्हा त्याच्याही हातात ती नळी दिली. त्याने फुंकलं, आकडा पाहिला, दुसऱ्यांदा फुंकलं. मग आपली कांडी आपणच काढून माझ्या हातात दिली. ती कुठे टाकावी हा प्रश्न पडला. बॅटरी असते, कचऱ्यात जाळता येत नाही, आणि आमच्या आवारात तर नाहीच. शेवटी दोन्ही कांड्या डब्यात घालून वर्ध्याला जुने मोबाइल आणि बॅटऱ्या गोळा करतात तिथे नेऊन दिल्या.

एप्रिलमध्ये शेवटचे ट्रक खाली होत होते. देवळीकडून कापूस घेऊन येणारा एक ड्रायव्हर आहे, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच दम्याचा. गेटवर बिडीचं बंडल ट्रेमध्ये टाकताना म्हणाला, "साहेब, तुम्ही सोडली म्हणता. मीबी उद्यापासून सोडतो. पोरीचं लग्न आहे." मी विचारलं, दम्याचं काय घेतोस? त्याने शर्टाच्या खिशातून पाकिटाचा चुरगळलेला तुकडा काढला. अर्धं नाव फाटलेलं होतं. उजेडाकडे धरून पाहिलं. उरलेल्या अर्ध्यात 'फिलीन' वाचता येत होतं.

मी म्हटलं, "सोड, पण उद्या नाही. उद्या माझ्यासंगं वर्ध्याला चल. हे पाकीट घेऊन."

त्याचा ट्रक खाली व्हायला संध्याकाळचे सात वाजले. सकाळी सहाला तो गेटवर आला, पाकीट खिशात होतं.